भावाचा गुडघा

नागपूरच्या कॉलेजात मी फिजिओथेरपी शिकवायची, आणि आमच्या गावी, अमडापुरात, लोक मला मालिशवाली बाई म्हणायचे. पिकतं तिथे विकत नाही, म्हणून मी ते हसण्यावारी न्यायची. त्या उन्हाळ्यात मात्र हसू आलं नाही. कबड्डीत थोरल्या भावाचा गुडघा पिरगळला होता. हाडवैद्यानं पाय सरळ ठेवून बांबूच्या कामट्यांत करकचून बांधला, आणि मी सुट्टीवर आले तोवर गुडघा ताठ झाला होता.

कॉलेजात यंदा पहिल्यांदाच खेळाडूंच्या दुखापती हा विषय वेगळा शिकवणार होते, आणि तो मला मिळणार होता. त्यासाठी मी चांगली चांगली स्थळं परतवली होती. विभागप्रमुख बाईंनी निघतानाच बजावलं होतं, "सुट्टी संपली की सोमवारी हजर नसलात, तर विषय दुसऱ्याकडे जाईल."

मी कामट्या सोडून टाकल्या. रोज गरम पाण्याचा शेक द्यायची, मग टाच धरून हळूहळू पाय वाकवायची. भाऊ दातावर दात दाबून सोसायचा. संध्याकाळपर्यंत गुडघा थोडा वाकायचा आणि सकाळी पुन्हा होता तिथेच. माझी विद्याच खोटी की काय, असं वाटायला लागलं. बाहेर पडावं तर शेजारणी अडवायच्या, "काय वो मास्तरीणबाई, भावाचाच पाय नाई वाकून राह्यला?" घरात जीव घुसमटायचा आणि गल्लीत मान वर होत नसे.

शनिवारी पहाटे चहा घेऊन गेले, तर माय भावाच्या पायाच्या कामट्या सोडत बसलेली. रोज रात्री मी झोपल्यावर ती त्या बांधत होती.

"काऊन बांधल्या ह्या?" मी विचारलं.

"वैद्यबुवा म्हनते, वाकला त सांधा जागचा सरकन."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी तिला शेजारी बसवलं, तिचे हात भावाच्या टाचेवर ठेवले. "जोर नको लावू. तो श्वास सोडन, तवा ढकल." जन्मभर भाकरी थापलेले हात ते, श्वासाबरोबर अलगद ढकलत गेले. गुडघा वाकला, माझ्या हातून वाकायचा त्यापेक्षा जास्तच. भाऊ चक्क हसला.

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी म्हटलं, "आता तूच करत जाय रोज. मी उद्याच्या एसटीनं खामगावले निंगते, तिथून नागपूरले."

मायनं टाच खाली ठेवली. पदराला हात पुसले.

"मले नाई जमत."

"आत्ताच त जमलं ना, माय."

"तू गेली त मी पुन्हा बांधीन," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि ती माझ्याकडे पाहतही नव्हती. भावानं तिच्यापुढे कधी तोंड उघडलं नव्हतं, तेव्हाही उघडलं नाही. मला तिचा भयंकर राग आला. ती मला सोडायला तयार नाही हे कळलं, तेव्हा रडूही आलं. पण ती म्हणाली तसं करणार, याबद्दल मला शंका नव्हती.

सोमवारी नागपुरात माझ्या विषयाचा पहिला तास दुसऱ्या कुणीतरी घेतला. मी भावाची टाच धरून बसले होते, आणि माय दारात उभी राहून मला विचारत होती, जेवायला काय करू.