पाठमोऱ्या बायकांचं वारली चित्र

आधीच सांगून टाकते, मी वारली नाही. फुलपाड्यातल्या एका बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर राहणारी, कोकणातल्या आईबापांची मुलगी आहे. चित्रं शिकले ती मनवेलपाड्यातल्या मावशींकडून. त्या खऱ्या वारली, लग्नघराच्या भिंतीवर लग्नाचा चौक लिहिणाऱ्या. हो, लिहिणाऱ्या! 'काढणाऱ्या' म्हटलं की अशा बघतात की आपण चप्पल घालून देवघरात शिरलोय.

तर मी एक तारपानाच, म्हणजे मधे तारपा फुंकणारा आणि त्याच्याभोवती फेर धरून नाचणाऱ्या बाया, असा काढला (सॉरी, लिहिला) आणि तुळिंजच्या एका फ्रेमवाल्याला दिला. तो म्हणाला, "खाली तुझं नाव नको टाकूस. बिल्डिंगवालीची वारली कोण घेणार?" मी लगेच हो म्हटलं, कारण चित्र विकलं जाणार होतं ना! वर त्याने मला शिकवणाऱ्या मावशींचा फोटो नावासकट मागितला, दुकानात लावायला. तोही पाठवला. अक्कल तेव्हा कुठे गेली होती, देव जाणे.

पुढच्या रविवारी मी मावशींकडे बसले होते, तर वसईच्या वाडीतल्या एक काकू पत्ता विचारत तेच चित्र घेऊन हजर. "तुमचीच सही हवी हो, समोरासमोर!" चित्राच्या मागे कार्ड चिकटवलेलं. मावशींचा फोटो, नाव, 'अस्सल आदिवासी कलाकार', आणि खाली झोकदार इंग्रजी सही. मावशींनी आयुष्यात कधी चित्रावर सही केली नाही, आणि इंग्रजीत तर अजिबात नाही.

मावशींनी चित्र बघितलं. मग अजून जवळून बघितलं.

"या बाया काय रुसल्यात?"

"का हो?" काकू म्हणाल्या.

"अंबाडे बघा ना. सगळ्यांचे अंबाडे तारपेवाल्याकडं. म्हंजी तोंडं बाहेर. तारप्याला पाठ कोनी करत नाय. पाड्यावरच्या बायांनी बघितलं तर म्हनतील, म्हातारीला भ्रम झाला."

वारली चित्रात चेहरे नसतात, त्यामुळे अंबाडा कुठे ते बघूनच तोंड कुठे ते कळतं, हे मला कोण सांगणार! म्हणजे सांगितलं होतं मावशींनी, मी तेव्हा रील बघत होते.

मावशी माझ्याकडे बघत होत्या. चित्र आपलंच, असं त्यांनी म्हटलं असतं तर मी सुटले असते आणि ती चूक कायम त्यांच्या नावावर राहिली असती.

"माझं आहे," मी म्हटलं. "आणि फ्रेमवाल्याला तुमचा फोटो पण मीच दिला."

काकू भडकल्या. "ही सरळ फसवणूक आहे! पोलिसात जाते मी!"

"जा," मावशी म्हणाल्या. "पन आधी त्या फ्रेमवाल्याला फोन लाव गं पोरी. स्पीकरवर."

फ्रेमवाल्याने दुसऱ्या रिंगला उचलला. "अरे वा, आठवणच काढत होतो! तसंच अजून चार दे ना. कार्डं छापून तयार आहेत. म्हातारीला कुठे कळतंय!"

"म्हातारीच बोलते," मावशी म्हणाल्या.

"अहो, तसं नाही..." तो चाचरला.

"ती कार्डं ठेव तशीच. आमी तिघी येतोय."

काकूंनी चित्र काखोटीला मारलं आणि चपला घातल्या. मी मागे रेंगाळले, तर मावशी दारातून ओरडल्या, "चल ना! काय झालं ते तिथं तूच सांगायचंस."