उजवा हात जिकडे येईल, तिकडे

कर्नल सयाजीराव घाटग्यांच्या छातीवर पदकांची चांगली लांबलचक ओळ होती, पण ती त्यांना स्वतःच्या हाताने कधी लावता आली नाही. ते काम त्यांच्या बायकोचं, अंबुजाबाईंचं. त्याचं असं झालं, की कॅप्टन असताना हिमनदीवर त्यांच्या तुकडीवर बर्फाचा कडा कोसळला आणि नरसिंगराव नावाचा जवान गाडला गेला. जाड हातमोज्यांनी उकरणं जमेना, म्हणून सयाजीरावांनी ते काढून फेकले. नरसिंगराव वाचला, साहेबांना सेना मेडल मिळालं आणि बोटांची टोकं कायमची बधिर झाली. शर्टाची बटणं कशीबशी जमायची; पिन मात्र बोटात घुसली तरी पत्ता लागायचा नाही.

लग्नानंतरचा पहिला प्रजासत्ताक दिन आला. अंबुजा म्हैसूरच्या शाळामास्तरांची मुलगी. गणवेशातली माणसं तिने पाहिली ती दसऱ्याच्या मिरवणुकीत, तीही गर्दीतून टाचा उंचावून. नवरा समोर ताठ उभा. पदकं डाव्या छातीवर लावतात एवढं तिला ठाऊक होतं, म्हणून तिने आपल्या डाव्या हाताच्या बाजूला लावली आणि मोकळी झाली. सयाजीरावांनी मान वाकवून पाहिलं.

"अगं, ही माझी उजवी झाली. ती बाजू तुझी. इतकी घाई नको करूस."

तिला काहीच उमगेना. मग त्यांनी समजावलं. ज्याची पदकं त्याने डावीकडे लावायची. तो गेला, की त्याच्या घरच्यांनी उजवीकडे. त्यांनी हे हसत सांगितलं, पण नव्या नवरीचा चेहरा पार उतरला. तेव्हा तिचा उजवा हात धरून त्यांनी तो आपल्या छातीवर नेमक्या जागी ठेवला. "तुझा उजवा हात जिकडे येईल, तिकडे. डोकं चालवू नकोस, हात चालव."

त्यानंतर तो हात चालतच राहिला. दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड उचलायचं, काळ्या ट्रंकांवरचा जुना हुद्दा रंगवून नवा लिहायचा, नव्या गावात दूधवाला शोधायचा. मेजर झाले, कर्नल झाले, पलटण सांभाळली. सीमेवरच्या चकमकींसाठी आणखी एक शौर्यपदक आलं, सेवेची आली. ओळ लांबत गेली, पिन जड होत गेली. लावून झालं, की साहेब विचारायचे, "सरळ?" आणि अंबुजाबाई एक पाऊल मागे सरून म्हणायच्या, "सरळ." अख्ख्या पलटणीला हुकूम सोडणारा हा माणूस त्या एका शब्दासाठी घरात थांबून राहायचा, याचं त्यांना मनातून फार कौतुक होतं.

निवृत्तीनंतर दोघं म्हैसुरात परतले. सरस्वतीपुरमच्या घरात कुंड्यासुद्धा उंचीनुसार रांगेत उभ्या राहिल्या. साहेब पहाटे कुक्करहळ्ळी तळ्याला फेरी मारायचे आणि येताना मोगरा आणायचे. दोन वर्षांपूर्वी असेच फिरून आले, कॉफी प्यायले आणि खुर्चीतच गेले.

पदकांचा डबा कपाटात राहिला. अंबुजाबाई ती काढून घासायच्या, चकचकीत करायच्या आणि परत ठेवायच्या. पलटणीच्या स्थापना दिनाचं बोलावणं दोनदा आलं, दोनदा त्यांनी गुडघ्याचं निमित्त केलं. खरं कारण गुडघ्यात नव्हतं. पदकं उजवीकडे लावायची, म्हणजे ते गेले असं आपल्याच हाताने कबूल करायचं. ते त्यांच्याने होत नव्हतं.

यंदा हुणसूरहून बसने स्वतः नरसिंगराव आले. सुभेदार होऊन निवृत्त झालेले, आता तंबाखूची शेती करणारे.

"नोडी मॅडम, हे बघा, यंदा कार्यक्रम इथंच आहे, म्हैसुरात. बेडा, नको असं म्हणू नका."

"गुडघा दुखतोय हो, नरसिंगराव."

"गाडी दारात आणतो की." सुभेदारांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. "हजेरी घेताना गेलेल्यांचंही नाव पुकारतात. घरचं कुणीतरी पदकं लावून उभं राहून 'हजर' म्हणतं. दोन वर्षं झाली, साहेबांच्या नावाला कुणीच बोलत नाही. साहेब गैरहजर लागतात, मॅडम. मला ऐकवत नाही."

अंबुजाबाईंना हे एकदम लागलं. ताप अंगात असताना परेडवर गेलेला माणूस, आणि गैरहजर? तेही आपल्यामुळे?

स्थापना दिनाच्या सकाळी त्या आरशासमोर उभ्या राहिल्या. फिकी रेशमी साडी, वर राखाडी कार्डिगन, हातात पदकांची ओळ. फाटकाशी नरसिंगराव गाडी घेऊन थांबलेले. लेक ईश्वरी दारात उभी होती.

"आई, मी लावून देऊ?"

"नको."

पण आरशात डावं कुठलं, उजवं कुठलं, सगळाच गोंधळ. चुकून डावीकडे लागली तर चारचौघांत शोभा. त्यांनी एकदा इकडे धरून पाहिली, एकदा तिकडे, आणि डोळे भरून आले तसं आरशातलं काही दिसेनासंच झालं.

डोकं चालवू नकोस, हात चालव.

त्यांनी डोळे पुसले आणि समोर साहेबच उभे आहेत असं धरून ओळ छातीशी नेली. उजवा हात जिकडे यायचा, तिकडेच आला. पिन आत गेली, मिटली. मग त्यांनी खाली मान घालून पाहिलं. पदकं त्यांच्या उजव्या बाजूला होती. साहेबांना लावताना हात जिथे जायचा, आरशासमोर तीच त्यांची स्वतःची बाजू निघाली होती. इतकी वर्षं त्या हाताला नवऱ्याची जागा पाठ होत होती, आणि त्याबरोबर आपलीही, हे त्यांना कधी कळलंच नव्हतं.

रडू आलं, ते त्यांनी येऊ दिलं. मग पदर नीट करून त्या ताठ उभ्या राहिल्या आणि आजवर कधी न विचारलेला प्रश्न त्यांच्या तोंडून निघाला.

"सरळ?"

लहानपणापासून हे दारातून ऐकत आलेली ईश्वरी एक पाऊल मागे सरली.

"सरळ."