उजव्या कानातलं संगीत

अकोल्याच्या घरी समोरच्या खोलीत बाबा शिकवणी घ्यायचे. आतल्या कॉम्प्युटरचा आवाज बाहेर गेलेला त्यांना चालायचा नाही. म्हणून दादा आणि मी एकच इअरफोन वाटून घ्यायचो. डावा त्याच्या कानात, उजवा माझ्या. तो बंदुकीचे जुने खेळ खेळायचा, आमच्या जन्माआधी निघालेले. मी फक्त ऐकायचे. उजवीकडून राक्षसाची गुरगुर आली की त्याच्या उजव्या खांद्यावर बोट टेकवायचं, एवढंच माझं काम.

चित्रं तशी ओबडधोबडच होती. राक्षस जवळ आला की त्याचे चौकोनी ठिपके दिसायचे. भीती सगळी संगीतात होती, आणि ते माणसाने वाजवलेलं वाटायचंच नाही. गल्लीतल्या विजेच्या डीपीसारखी सलग घरघर, तिच्यावर बऱ्याच वेळाने एखादा सूर. तो कुठेच उतरायचा नाही, नुसता लांबत राहायचा. त्यामुळे खेळातला रिकामा बोळही रिकामा वाटत नसे. सगळे राक्षस मेले तरी घरघर चालूच, आणि तेव्हा मी सगळ्यात जास्त घाबरायचे. कधी त्या सुरालाच गुरगुर समजून मी बोट टेकवायचे. दादा गर्रकन उजवीकडे वळायचा आणि मागून मार खायचा.

"बहिरी हायेस का वं? कॉन्व्हेंटात हेच शिकवतेत तुले?"

मागच्या हिवाळ्यात आईने मला अमरावतीला पाठवलं. दादा तिथे खोली करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होता. तिसऱ्यांदाही यादीत नाव आलं नाही, आणि त्याने फोन उचलणं सोडलं.

"तुयं ऐकते तो. संग घेऊनच ये," आई म्हणाली.

मी पोचले तेव्हा दुपार होती. दार नुसतं लोटलेलं होतं. लॅपटॉपवर त्यातलाच एक जुना खेळ चालू होता, पण आवाज बंद. पुठ्ठ्यातून कापल्यासारखे राक्षस नुसते सरकत होते. गोळी लागली की आडवे व्हायचे.

"आवाज काहून बंद केला?"

"जीव घाबरते." त्याने मागे वळून पाहिलं नाही.

"त्याच्यासाठीच तर खेळायचास."

"तवा दुसऱ्या कानात बाबाचे पाढे ऐकू येत."

बसमध्ये मी वाक्यं ठरवून ठेवली होती. घरी चल, कोणी काही विचारणार नाही, बाबासुद्धा नाही. पलंगाच्या कडेला बसून मी त्याची लेव्हल संपायची वाट पाहिली. ती संपली, दुसरी सुरू झाली. मग तिसरी. मला मध्ये बोलता येत नाही, कधीच आलेलं नाही. खिडकीतलं ऊन भिंतीवरून उतरून गेलं.

"उशीर होईन तुले," तोच म्हणाला.

"चल न," मी म्हणाले. ठरवलेल्यातलं एवढंच निघालं.

"तू हो पुढे."

तो रस्त्यापर्यंत आला. "स्टँडवर सोडजा भाऊ, नीट," असं ऑटोवाल्याला सांगितलं आणि ऑटो वळायच्या आत परत गेला.

स्टँडवरून आईला फोन लावला.

"हाये का संग?"

"नाही."

मग तिने विचारलं, "जेवला होता का तो?"

एवढा वेळ मी त्याच्या पाठीमागे बसले होते, आणि ते मी विचारलंच नव्हतं.