तीन भिंतींचं स्वयंपाकघर

कंपनी सुरू झाली तेव्हा तिच्याकडे एक भाड्याचा कॅमेरा होता आणि वहिनीचं स्वयंपाकघर. कंपनी दिराची; पहिली मालिका त्याने तिथेच काढली. वहिनीचा नवरा सुतार. त्याला सगळे दादा म्हणत. दिवे टांगायला त्याने स्वतःच्याच छताला हुक ठोकले. दिवसभर भांड्यांचा आवाज चालत नसे. "घर माझं, आणि गप्प बसायचं मीच," वहिनी म्हणायची.

मालिका चालली. मग चित्रपट आले, भागीदार आले, स्वतःचा स्टुडिओ झाला. मध्येच रस्तारुंदीत घर गेलं. मालिकेला मात्र स्वयंपाकघर हवंच होतं. दादाने ते स्टुडिओत प्लायवूडचं उभं केलं, ओट्याच्या उडालेल्या टवक्यासकट. चौथ्या भिंतीच्या जागी कॅमेरा.

पुढे वहिनी विसरू लागली. फ्लॅटमध्ये तिचा जीव रमेना. चपला घालून दाराशी उभी राहायची. दादाने एकदा तिला सहज सेटवर नेलं. तिने न बघता डावीकडच्या फळीवरून डबा काढला आणि ओटा पुसायला घेतला. तेव्हापासून चित्रीकरण नसेल तेव्हा ती तिथे दोन तास शांत असे.

यंदा मालिका संपली. दिराने दादाला ऑफिसात बोलावलं.

"फ्लोअर रिकामा हवाय, दादा. सोमवारी नवा सेट लागेल."

"तिला कुठे नेऊ मग?"

"माझ्या एकट्याच्या हातात असतं तर..."

"तिने तुला अख्खं घर दिलं होतं."

 "सेट उतरवायला माणसं पाठवतो," दीर म्हणाला.

"नको. ते हातोडे घालतील. मी स्क्रू काढून उतरवतो."

शनिवारी सांभाळणारी बाई आली नाही, म्हणून वहिनीला सोबत आणावं लागलं. दादाने तिची खुर्ची सेटकडे पाठ करून ठेवली. दुसरी भिंत उतरली तेव्हा ती उठून त्याच्यामागे येऊन उभी राहिली. खरं घर पडलं त्या दिवशी ती बहिणीकडे होती. तिने ते पाहिलं नव्हतं.

"रस्तेवाल्यांनी पाडलं म्हणालात ना?" ती म्हणाली. "अहो, हे तर तुम्हीच पाडताय."

 तिसरी भिंत तेवढी राहिली होती. तीही त्याने उतरवली.

वहिनी बाकी सगळं तासाभरात विसरते. हे विसरलेली नाही. दादाच्या हातचं ती आता पाणीही घेत नाही. शेजारीण आली की पिते.