संजयचा हेडफोन

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आजवर तोंडावर वेड्यात काढत आलोय. आमच्या घरात देव्हारा नाही, अंगारे-धुपारे तर आजोबांनीच बंद केले. त्यामुळे "बापरे, अंगावर काटा आला" असल्या कमेंट मला नकोत... कारण सांगता येत असेल तर सांगा, नाहीतर गुमान वाचा.

मी सिंदेवाहीचा. माझी धाकटी बहीण रंजना इथून जवळच, जंगलाला लागून असलेल्या एका गावात दिलेली. गेल्या उन्हाळ्यात तिचा नवरा संजय सकाळी मोहफुलं वेचायला गेला आणि वाघाने त्याला मारलं. मोह वेचताना माणसं आपापल्या झाडाखाली लांब लांब असतात, म्हणून अधूनमधून 'हूऽऽ' करून एकमेकांना हाक देतात. उत्तर आलं नाही की सगळे धावतात. त्या दिवशी उत्तर आलं नाही म्हणून सगळे धावले, पण उशीर झाला होता. संजयच्या डोक्यावर हेडफोन होता आणि तो कोणाशीतरी फोनवर बोलत होता, एवढं एकाने लांबून पाहिलं होतं. मोबाईल काही सापडला नाही.

कोणाशी बोलत होता? त्याच्या आईने, म्हणजे रंजनाच्या सासूने, मयतीतच निकाल देऊन टाकला. "हिनंच फोन केला. माह्या पोराले हिनंच वाघाच्या तोंडी देल्लं."

रंजना सांगून सांगून थकली, की मी फोन केलाच नाही. ऐकतंय कोण? कंपनीकडून रेकॉर्ड काढू म्हटलं, तर गावातले शहाणे म्हणे, "काढून तो वापस येनार हाये का?" शेवटी म्हातारीने तिला घराबाहेर काढलं आणि तिची लहानगी पिहू ठेवून घेतली. वर गावभर सांगितलं, असल्या बाईजवळ मी नात देणार नाही. रंजना पोरीसाठी जायची आणि दारातून रडत परत यायची. त्या बाईचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरायचं, अजूनही फिरतं.

संजयच्या कपड्यांसोबत मिळालेला तो हेडफोन तेवढा रंजनाच्या पिशवीत होता. पिनेजवळ वायर तुटलेली. एका रविवारी दुपारी तिने तो माझ्यापुढे ठेवला. "दादा, चालू करून दे नं. त्याचा एवढाच हाये माह्याजवळ."

मी घरी बारीकसारीक सोल्डरिंग करतो. या वायरीतल्या केसासारख्या तारांवर रंगीत लाख असते, ती जाळल्याशिवाय सोल्डर धरत नाही. मी ती जाळली, नवी पिन लावली, फोनला जोडून एक जुनं गाणं सुरू केलं. वाद्यं ऐकू आली, गायक मात्र गायब. यात काही चमत्कार नाही. दोन्ही कानांना मिळून जी एक तार असते तिचा जोड कच्चा राहिला, की दोन्हीकडे सारखा असलेला आवाज उडून जातो. नेमका गायकाचाच उडतो. हे मी शंभर वेळा पाहिलंय.

पण गायकाच्या जागी माणूस बोलत होता. दम लागलेला... संजय.

"हव माय, पाहून राह्यलो. तुयी चुन्याची डब्बी दिसत नाई इथी... थांब, त्या बाजूनं पाह्यतो."

मग पाचोळ्याचा आवाज. मी हेडफोन ओढून काढला. रंजनाच्या कानाला लावला, तर तिला नुसती वाद्यं ऐकू आली. मी जोड पुन्हा तापवून पक्का केला. गायक परत आला, संजय गेला. माझ्या फोनमध्ये त्याचं कसलंही रेकॉर्डिंग नव्हतं, उगाच तो तर्क लढवू नका.

दुसऱ्या दिवशी रंजनाला घेऊन मी त्या गावाला गेलो. म्हातारी अंगणात तांदूळ पाखडत होती.

"हिले कायले आनलं?" तिने सूपही खाली ठेवलं नाही.

वाटेत मी शिव्यांची चांगली तयारी केली होती. पण तोंडातून निघालं एवढंच, "बाई, तुमची चुन्याची डबी सापडली का?"

सूप तिच्या हातातून सुटलं. "तुले कोनं सांगतलं?"

"संजयनं."

तिने एकदा रंजनाकडे पाहिलं. मग खाली सांडलेल्या तांदळाला सांगावं तसं म्हणाली, "आदल्या दिशी मोहाखाली पडली होती. मीनंच फोन लावला. पाह्यल्याबिगर येऊ नोको म्हटलं."

रंजनाने आत जाऊन पिहूला कडेवर घेतलं. म्हातारीने अडवलं नाही, माफीही मागितली नाही. फक्त माझ्या हातातला हेडफोन ओढून घेतला.

आता पिहू आमच्याकडे असते. अधूनमधून मीच तिला आजीला भेटवून आणतो. म्हातारी अंगणात तो हेडफोन घालून बसलेली असते. पिन कशालाच जोडलेली नसते. ती मान डोलावते आणि मध्येच हळू म्हणते, "राहू दे रे ते डब्बी. तू ये घरी."

मला तिची दया येत नाही, खोटं कशाला बोलू. कारणही आजवर सापडलं नाही. मागच्या वेळी तिने हेडफोन काढून माझ्यापुढे धरला. "आयक," म्हणाली.

मी पिहूला उचललं आणि गाडी सुरू केली.