मालतीची हडळ

दारव्ह्याच्या बाजारात वांगी निवडत होते. मागून कोणीतरी खांद्याला हात लावला. पाहते तो शकू, वसतिगृहातली जुनी मैत्रीण. "तुले समजलं नाही काय वो? मालती गेली. काविळीनं गेली, तिकडं ढाणकीले." हातातलं वांगं मी टोपलीत परत ठेवलं. अशा वेळी माणसाला रडू येतं म्हणतात. मला राग आला. इतकी वर्षं जिच्याशी बोलायचं टाळलं, तिनं आता भांडायचीही सोय ठेवली नाही...

यवतमाळला शिक्षिकांच्या ट्रेनिंगला आम्ही एकत्र होतो. आमच्या घरानं बौद्ध धर्म स्वीकारला त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. वसतिगृहात मी पेटी घेऊन खोलीच्या दारात उभी राहिले, तशा दोन मुली आपापली अंथरुणं भिंतीकडं ओढायला लागल्या. मालतीनं मात्र तिची सतरंजी माझ्या बाजूला सरकवली. "माहा पाय अंगावर पडला तर बिनधास्त लाथ मारजो. मी झोपेत लय लोळते," म्हणाली. एवढंच. पण एवढ्यावर मी तिला माझं सगळं आयुष्य देऊन बसले.

वाचनालयातून ती प्रेमाच्या कादंबऱ्या आणायची. सगळ्या सारख्याच. थंड हवेच्या गावी बंगला, देखणा नायक, गैरसमज, अश्रू आणि शेवटी मीलन. रविवारी न्हाऊन केस वाळवत आम्ही विहिरीपाशी बसलो की मालती त्या सांगायला घ्यायची. फक्त तिच्या तोंडी नायिका पहिल्या पानालाच मेलेली असे. नायक व्याकूळ होऊन म्हणे, "प्रिये, तुझे हात किती थंड!" आणि प्रिया म्हणे, "मरून आठवडा झाला जी, गरम कुठून राहतीन?" मुलगी पाहायला आलेली सासू कुरकुरायची, की पोरीची सावली पडत नाही. तर मध्यस्थ समजूत घालायचा, "बरंच आहे ना मावशी, उन्हानं काळी पडणार नाही!" आम्ही पोटं धरून हसायचो. रेक्टरबाई खिडकीआड उभ्या राहून ऐकायच्या आणि न राहवून फिसकन हसायच्या. असं काहून सांगते, म्हणून मी एकदा विचारलं. "अवं, या कादंबऱ्यांतल्या पोरी मीलन होईस्तोवर झुरूझुरू अर्ध्या मरतेच. मी सुरुवातीलेच मारून टाकते, मंग बिचाऱ्या सुखानं प्रेम करते," ती म्हणाली.

पुढं दोघींनाही दारव्ह्यात मुलींच्या शाळेत नोकरी लागली. एकच खोली, एकच स्टोव्ह. मुलांच्या शाळेत वसंत मास्तर होते. पुस्तकांची देवाणघेवाण करता करता आमचं जमलं. ते आमच्या समाजातले नव्हते, पण "जातपात मी मानत नाही" असं म्हणायचे, आणि मी ते खरं धरलं. एका दुपारी त्यांनी मला आईला भेटायला घरी नेलं. आई गोड बोलल्या, पाणी दिलं, चिवडा दिला. निघाले, आणि छत्री विसरली म्हणून अंगणातून परत वळले. मी पाणी प्यायलेला पितळी पेला चुलीच्या निखाऱ्यांत पडला होता... शुद्ध व्हायला. मी तो पाहिला. मी पाहिला हे वसंतनं पाहिलं. त्यांनी छत्री आणून माझ्या हातात दिली.

खोलीवर येऊन मी मालतीच्या मांडीत डोकं खुपसून रडले. "कोनाले सांगू नको," म्हटलं. "नाही सांगत वो," ती म्हणाली, आणि माझ्या केसांतून हात फिरवत राहिली.

शाळेच्या स्नेहसंमेलनात मालतीची गोष्ट ठरलेली असे. गाव लोटायचं. त्या वर्षी ती उभी राहिली आणि म्हणाली, आज नवीन प्रेमकथा. एक मोठा सुधारक तरुण, त्याचं एका मुलीवर जिवापाड प्रेम, आणि मुलगी म्हणजे हडळ. मंडप हसायला लागला. मीही हसले. मग तरुण हडळीला घरी नेतो. आई पाणी देते. हडळ वळताच आई पेला चुलीत टाकते. आणि हडळ दारातून म्हणते, "सासूबाई, मी तं पूर्णच जळून आली. आता पेला कायले जाळता?"

काय हशा पिकला! बायकांच्या रांगेत वसंतच्या आई बसल्या होत्या. त्यांची पेले जाळायची रीत ठाऊक असलेल्या शेजारणी वळून त्यांच्याकडं बघायला लागल्या. त्या उठून गेल्या. आणि कुणाची तरी नजर त्यांच्यावरून फिरत माझ्यावर येऊन थांबली. मग दुसरीची. मग सगळ्यांचीच.

वसंत नंतर मला भेटले नाहीत. महागावला बदली मागून घेतली, तिकडंच लग्न केलं. मी दुसऱ्या खोलीवर जायला पेटी भरत होते तेव्हा मालती दारात उभी होती. "मी तुह्या बाजूनं बोलली विमल! लोक सासूले हसले, तुले नाही."

"मले इचारलं होतं?"

"तू हो म्हटलं असतं काय?"

"नाही."

"मंग ते बाई तशीच पेले जाळत राह्यली असती."

मी पेटीची कडी लावली. पण ज्या मुलीनं मला पहिल्या दिवशी माणसासारखं जवळ केलं, तिलाच माझ्यासाठी साऱ्या भाषेत हडळ हाच शब्द सापडावा? आणि अधिक जाचत होतं ते हे, की गोष्ट चांगली झाली होती. मी त्या दिवसानंतर तिच्याशी बोलले नाही. ती लग्न होऊन ढाणकीला गेली.

परवा ढाणकीला जाऊन आले. मालतीच्या सासूबाईंनी ओसरीवर बसवलं. आळीतल्या चार बाया तूर निवडत होत्या. दुपारी सगळ्या इथं जमतात, आणि खांबाजवळची मालतीची जागा अजून कोणी घेत नाही, असं सासूबाई म्हणाल्या. बोलता बोलता गोष्टींचा विषय निघाला, आणि एकीनं आपणहून सांगायला घेतली. सुधारक तरुण, हडळ, पेला. मी मान खाली घालून ऐकत होते. शेवट मात्र वेगळा होता. हडळ निखाऱ्यांतला पेला उघड्या हातानं उचलते, रांजणातून भरून घेते, उभ्याउभ्या पिते आणि निघून जाते.

"आन् तो पोरगा?" मी विचारलं.

"तो कायचा जातो जी मागं! तसाच बसून राह्यला. मालतीबाई म्हणे, त्या घरात मेलेलं माणूस तेच होतं."

साऱ्या हसल्या. मग डोळे पुसले. सांगणारीनं सूप खाली ठेवून विचारलं, "तुमी कोन जी तिच्या?"

मैत्रीण म्हणवेना. कोणी नाही, असंही म्हणवेना. "त्या गोष्टीतली हडळ म्हंजे मी," मी म्हटलं.

तुरीतले हात थांबले. आणि चौघींपैकी सगळ्यात लहान होती, तिची नजर हळूच माझ्या पायांकडं गेली.

मला हसू फुटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग साऱ्याच हसल्या. आणि खांबाजवळच्या त्या रिकाम्या जागेकडं पाहत मी मनात म्हटलं, माफ नाही केलं हं मालती.