कशालाबाई

"कशाला?" हा शब्द त्या बाई जितक्या गोड आवाजात विचारायच्या, तितक्या गोड आवाजात मला अजून कुणी "या, बसा" म्हटलेलं नाही. सेलूच्या आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये संगणकाचं सगळं मी बघायचो. मालकांनी परभणीहून या मॅडमना संगणकाच्या नियोजनासाठी आणलं आणि आठवडाभरात त्यांचं नाव कशालाबाई पडलं. ठेवलं मीच. जळत होतो ना!

जळू नको तर काय करू? मला मालक "ए कॉम्प्युटर, इकडं ये" म्हणायचे आणि त्यांना "मॅडम, बसा." चहासुद्धा आधी त्यांच्या टेबलावर जायचा.

चेहरा बघून हजेरी लावणारं यंत्र आणायला मालकांचा होकार मी मोठ्या मिनतवारीनं मिळवला होता. बाईंनी विचारलं, "कशाला?"

मी म्हटलं, "मोठ्या कंपन्यांत सगळीकडं असतं."

"ते त्यांचं झालं. आपल्या मालकांना यंदा काय पाहिजे?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता बाई सरळ मालकांकडं वळल्या.

मालक म्हणाले, "मला कापूस पाहिजे, मॅडम. गाड्या दुसऱ्या जिनिंगला जायल्यात."

दुसऱ्या दिवशी बाई देवगाव फाट्यावर चहाच्या हॉटेलात दिवसभर बसून आल्या. उन्हानं तोंड लालबुंद झालेलं. मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. पण त्या हसत म्हणाल्या, "गाडीवाले फाट्यावरून इथं फोन लावतात. लय गर्दी हाय असं कळलं की तिथूनच गाडी वळवतात. आधी रांगेचं बघू, हजेरीचं नंतर."

झालं! माझं यंत्र राहिलं बाजूला. त्या हंगामात शेतकऱ्यांना घरीच मोबाइलवर नंबर आणि वेळ मिळायला लागली. गाडी आली की थेट वजनकाट्यावर. वळणाऱ्या गाड्या आमच्या फाटकात यायला लागल्या. प्रोग्रॅम लिहिला मी, डोळे फोडले मी, आणि एक म्हातारबाबा काट्यावर मलाच सांगतात, "तुमची बाई लय हुशार हाय बरं का!"

बाईंनी मालकांसमोर सांगितलं, "हे सगळं यांनी उभं केलं." त्याचाही मला राग आला. म्हणजे मनाचा मोठेपणाही यांच्याच वाट्याला!

पुढं बाईंना पुण्याला मोठी नोकरी लागली. निरोपाचा नारळ मीच दिला आणि मनातल्या मनात पेढे वाटले. त्यांची खुर्ची मला मिळाली. मालक आता मला "साहेब" म्हणतात.

पण नवीन काही घ्यायचं म्हटलं की त्यांचा पहिला प्रश्न, "मॅडमला विचारलं का?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो.

विचारलेलं असतं हो! सकाळीच फोन लावलेला असतो. तिकडून ते गोड "कशाला?" ऐकल्याशिवाय मलाच चैन पडत नाही.